यथाविद्यमान: कायद्याचं पुस्तक घेण्याआधी

शासनाने काढलेल्या कायद्यांच्या मराठी पुस्तिका कधी हातात घेतल्या असतील, तर कायद्याच्या नावाखाली कंसात छापलेला एक शब्द दिसला असेल. अमुक तारखेस 'यथाविद्यमान'. म्हणजे त्या दिवशी हा कायदा जसा होता, तसा इथे छापला आहे. शब्द अवजड आहे, बोलताना जीभ अडखळते, आणि शासकीय मराठीची टिंगल करायला तो हाताशी बरा पडतो. पण कायद्याच्या कुठल्याही पुस्तकाला, वेबसाइटला किंवा अ‍ॅपला विचारायचा पहिला प्रश्न याच शब्दात दडलेला आहे: तू कुठल्या तारखेचा आहेस? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रश्न अंगवळणी पडलेला असतो. कोणी बग घेऊन आलं की सहानुभूती दाखवण्याआधी आम्ही विचारतो, व्हर्जन कुठलं?

मी वकील नाही. घरातल्या शेतजमिनीच्या वाटणीच्या निमित्ताने कायदा वाचायला लागलो आणि वाचतच राहिलो. आता ओळखीतले दोन-तीन जण नोकरी सांभाळून तीन वर्षांचं एलएलबी करतायत आणि 'कुठली पुस्तकं घेऊ?' म्हणून विचारतात. त्यांच्याकडे याद्या आधीच पोचलेल्या असतात. राज्यघटनेला एम. पी. जैन नाहीतर व्ही. एन. शुक्ला, कराराला अवतार सिंग, टॉर्टला बांगिया, फौजदारी प्रक्रियेला केळकर, गुन्ह्यांना रतनलाल-धीरजलाल, हिंदू कायद्याला मुल्ला. यादी चुकीची नाही. ही पुस्तकं टिकली आहेत त्याला कारण आहे. पण यादीत फक्त नावं असतात. आवृत्ती नाही, साल नाही, सध्या ते पुस्तक कोण सांभाळतंय तेही नाही. इतर विषयांत हे चालून जाईल. कायद्यात यामुळे माणूस तुरुंगात जाऊ शकतो. ही अतिशयोक्ती वाटत असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ चं काय झालं ते बघा.

हे कलम २००८च्या दुरुस्तीने आलं आणि २७ ऑक्टोबर २००९पासून लागू झालं. ऑनलाइन 'त्रासदायक' किंवा 'घोर अपमानकारक' काही पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत पाळल्या गेलेल्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं आणि पालघर पोलिसांनी दोघींना अटक केली. लावलेल्या कलमांत ६६अ होतं. त्यानंतर श्रेया सिंघल या तरुणीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने ६६अ संपूर्णपणे घटनाबाह्य ठरवलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ही गोष्ट इथपर्यंत माहीत असेल.

पुढचं कमी जणांना माहीत असतं. कलम मेल्यावरही गुन्हे दाखल होत राहिले. २०१९च्या फेब्रुवारीत न्यायालयाने निकालाच्या प्रती उच्च न्यायालयांना आणि राज्यांना पाठवायला सांगितल्या. जुलै २०२१मध्ये प्रकरण पुन्हा समोर आलं तेव्हाही खटले चालूच होते. त्या दिवशी केंद्राचे अ‍ॅटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी जे सांगितलं ते मला अजून नवल वाटावं असं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बेअर अ‍ॅक्ट उघडला की कलम ६६अ अजून तिथे छापलेलं दिसतं, आणि ते रद्द झाल्याची माहिती फक्त तळटिपेत असते. गुन्हा नोंदवणारा अधिकारी कलम वाचतो, तळटीप वाचत नाही.

बेअर अ‍ॅक्ट म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, विवेचनाशिवाय. पातळ, स्वस्त, चुरगळलेल्या कडांचा. वकिलाच्या पिशवीत आणि ठाण्याच्या टेबलावर सगळ्यात जास्त सापडणारं पुस्तक हेच. त्यात प्रकाशकाने कायदा पाळून सगळं बरोबर छापलं होतं. संसदेने कलम काढून टाकलेलं नाही, म्हणजे मजकुरात ते राहणारच. न्यायालय कलम रद्द करतं तेव्हा ते संसदेच्या मजकुरावर रबर फिरवत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड तसाच आहे, फक्त तो चालवायला मनाई आहे, आणि ही मनाई कुठे लिहिली आहे? पानाच्या तळाशी, सहा पॉइंटच्या टायपात.

शेवटी १२ ऑक्टोबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने जो आदेश दिला, त्यात पोलिसांना आणि राज्यांना सूचना होत्याच, पण एक सूचना चक्क प्रकाशकांना होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कुठलंही प्रकाशन असो, सरकारी, निमसरकारी किंवा खाजगी, त्यात ६६अ छापलं असेल तर ते घटनाबाह्य ठरल्याचं वाचकाला पुरेसं कळेल असं करा. पुस्तकाच्या मांडणीबद्दल सर्वोच्च न्यायालय बोलतंय! टायपोग्राफी हा माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होऊ शकतो याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

म्हणून दुकानात गेल्यावर माझी पहिली चाचणी हीच. माहिती तंत्रज्ञान कायदा उघडायचा, ६६अ वर यायचं, आणि काय दिसतं ते बघायचं. ठळक चौकट आहे की बारीक टीप? की टीपसुद्धा नाही?

दुसरी चाचणी उलट्या दिशेची. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४पासून लागू झाली हे सगळ्यांना पाठ आहे. पण संपूर्ण लागू झाली का? कलम १०६ चं पोटकलम २, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवून कोणाचा जीव गेला आणि पोलिसांना न कळवता चालक पळाला तर दहा वर्षांपर्यंत कैद, ते २३ फेब्रुवारी २०२४च्या अधिसूचनेत वगळलं होतं. त्याआधी जानेवारीत ट्रकचालकांनी देशभर चाकं थांबवली होती, ते आठवत असेल. म्हणजे ६६अ मेलेलं असून छापलेलं, आणि १०६(२) जन्माची नोंद झालेलं पण श्वास सुरू न झालेलं. नवी संहिता छापताना ज्याने १०६(२)खाली ही गोष्ट सांगितली नाही, त्याने राजपत्रातला मजकूर उचलून पुठ्ठा लावला, एवढंच काम केलं. असे बेअर अ‍ॅक्ट २०२४मध्ये धडाधड आले. घाई समजू शकते, पण घाईची किंमत वाचकाने का मोजायची?

जुनाच रोग आहे हा. भारतीय दंड संहितेतलं कलम ३०३ (जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर फाशीच, दुसरा पर्याय नाही) सर्वोच्च न्यायालयाने १९८३मध्ये मिठू खटल्यात रद्द केलं. संहितेच्या मजकुरात ते २०२४पर्यंत, संहिताच जाईपर्यंत, बसून होतं. एक्केचाळीस वर्षं.

आता मोठ्या ग्रंथांकडे. दिनशा फरदुनजी मुल्ला मुंबईचे. त्यांचं निधन १९३४मध्ये झालं. आज तुम्ही विकत घेता ते 'मुल्ला' त्यांच्यानंतर कित्येक जणांच्या हातांतून गेलेलं आहे. रतनलाल आणि धीरजलाल यांचंही तसंच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झालेली ती परंपरा. कव्हरवर मोठ्या अक्षरांत मूळ लेखकाचं नाव असतं आणि खाली लहान अक्षरांत सुधारणा करणाऱ्याचं. माझा आग्रह असा की ते लहान नाव आधी वाचा. ओपन सोर्स प्रकल्प कोणी सुरू केला यापेक्षा सध्या मेंटेनर कोण आहे हे आम्ही बघतो, तसंच. चांगला सुधारक प्रस्तावनेत सांगतो की निकाल कुठल्या महिन्यापर्यंतचे घेतले आहेत. वाईट सुधारक 'अद्ययावत व परिवर्धित आवृत्ती' एवढंच म्हणतो आणि जुन्या परिच्छेदांच्या शेपटीला नवे निकाल जोडत जातो. मग एकाच पानावर वरचा परिच्छेद एक सांगतो, खालचा त्याच्या बरोबर विरुद्ध, आणि दोघांत कोण जिंकलं हे कोणीच सांगत नाही. जाड पुस्तकांत हे बरंच दिसतं. जाडी म्हणजे अधिकार नव्हे. पुष्कळदा ती न केलेल्या काटछाटीची असते.

याची झळ कुठे लागते? आपल्याकडे घरोघरी विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाला: वडिलोपार्जित जमिनीत मुलीला हिस्सा आहे का? महाराष्ट्राने १९९४मध्ये दुरुस्ती करून मुलींना सहदायाद केलं, पण २२ जून १९९४पूर्वी लग्न झालेल्यांना वगळलं. २००५मध्ये केंद्राने ९ सप्टेंबरपासून देशभर मुलींना मुलांसारखाच जन्मसिद्ध हक्क दिला, लग्नाची अट न ठेवता. २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुलवती खटल्यात म्हटलं की ९ सप्टेंबर २००५ला वडील हयात असतील तरच. २०१८च्या एका निकालाने गोंधळ वाढवला. आणि ११ ऑगस्ट २०२०ला विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी फुलवतीचा निकाल फिरवला: हक्क जन्माने येतो, वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्या उकरता येणार नाहीत.

म्हणजे वडील २००१मध्ये वारले आहेत, वाटणी झालेली नाही आणि मुलगी हिस्सा मागतेय, अशा घरात २०१७चं पुस्तक 'नाही' म्हणेल आणि २०२१चं 'आहे' म्हणेल. दोन्ही पुस्तकं आपापल्या तारखेला प्रामाणिक. पण गावात चालतं ते २०१७चं पुस्तक, किंवा त्यावरून कोणीतरी केलेला व्हिडिओ, किंवा त्या व्हिडिओवरून फिरणारा मेसेज. 'कायद्यात बसत नाही गं ताई' असं सांगून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. आमच्या घरात आत्याच्या हिश्श्याची चर्चा झाली तेव्हा टेबलावर आलेली तीन उत्तरं तीन वेगवेगळ्या वर्षांची होती आणि तिघांपैकी प्रत्येकाला आपलं उत्तर पुस्तकातून आल्याची खात्री होती. हिंदू वारसा कायद्याचं कुठलंही पुस्तक घेताना कलम ६ उघडा आणि विनीता शर्मा हे नाव मजकुरात आहे का बघा. ही तिसरी चाचणी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची.

'पुस्तकं कशाला, सगळं ऑनलाइन आहे' हे खरं आहे आणि पुरेसं नाही. 'इंडियन कानून' ही साइट सुशांत सिन्हा यांनी जानेवारी २००८मध्ये सुरू केली. आपल्या पिढीत कायद्याशी दुरून संबंध आलेल्या माणसानेही ती वापरलेली असते. मला ती भारतीय इंटरनेटवरच्या सगळ्यात उपकारक गोष्टींपैकी एक वाटते. एका इंजिनियरने बांधली आहे म्हणून थोडा पक्षपात असेल. शोध झटपट लागतो, कलमावरून निकालांकडे जाता येतं, आणि हा निकाल पुढे कोणी उद्धृत केला त्याची यादी मिळते. पण यादी म्हणजे निवाडा नव्हे. फुलवतीचा निकाल उघडा. तो आजही पूर्ण, सुवाच्य आणि अधिकारवाणीने बोलणारा आहे. तो पुढे फिरला हे कळायला तुम्हाला उद्धृत करणाऱ्यांच्या लांबलचक यादीत शिरावं लागतं, आणि तिथे शिरायचं असतं हे आधीच माहीत असावं लागतं. १९७६चा जबलपूर खटला, आणीबाणीत नागरिकाला कोर्टाचं दार बंद करणारा, तो २०१७मध्ये नऊ न्यायमूर्तींनी फेटाळला. नुसता निकाल वाचणाऱ्याला हे कसं कळणार?

फुकट आणि विकतच्यातला फरक नेमका इथे आहे, आणि गंमत म्हणजे तो फरकही सर्वोच्च न्यायालयानेच आखून दिलाय. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात (निकाल डिसेंबर २००७चा) प्रश्न होता की निकालांच्या संपादित मजकुरावर प्रकाशकाचा कॉपीराइट असतो का. न्यायालय म्हणालं, निकालाचा मजकूर सगळ्यांचा. नुसत्या मुद्रितशोधनाने आणि किरकोळ सुधारणांनी तो तुमचा होत नाही. पण संपादकाने स्वतःची अक्कल वापरून केलेली परिच्छेदांची विभागणी, कुठला न्यायमूर्ती सहमत आणि कुठला भिन्नमताचा हे दाखवणाऱ्या टिपा, यांना संरक्षण मिळेल. एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्रला वकील वर्गणी भरतात ती या अकलेसाठी. हा निकाल पाळला गेला, हा वेगळा काढला गेला, हा फिरला, हे कोणीतरी वाचून ठरवलेलं असतं. विद्यार्थ्याने स्वतः पैसे भरू नयेत. कॉलेजच्या ग्रंथालयाकडे लॉगिन असेल तर ते मागून घ्यावं, लाजू नये. पहिल्या वर्षाची निम्मी मुलं ते मागतच नाहीत असं ऐकतो.

सरकारी साइट्सबद्दल आपला सूर सहसा चेष्टेचा असतो. इथे तो ठेवू नका. इंडिया कोडवर केंद्रीय कायदे कलमवार मिळतात आणि कुठला शब्द कुठल्या दुरुस्तीने, कुठल्या तारखेपासून आला हे टिपांत दिलेलं असतं. ज्याला गिट-ब्लेम माहीत आहे त्याला हे वाचताना घरी आल्यासारखं वाटेल. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत अहवाल जानेवारी २०२३पासून ई-एससीआरवर फुकट आहेत, आणि निकालांना स्वतःचा तटस्थ क्रमांकही मिळू लागला, त्यामुळे उद्धृत करण्यासाठी एखाद्या प्रकाशकाच्या खंडावर अवलंबून राहावं लागत नाही. राज्यांच्या दुरुस्त्यांबाबत मात्र सावध राहा. दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ९अ महाराष्ट्रापुरतं होतं, २०१८मध्ये ते गेलं. दिल्लीत बसून छापलेल्या पुस्तकांना याचं सोयरसुतक बेताचंच.

मराठीतून वाचणाऱ्याची अडचण दुहेरी आहे. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. सर्वोच्च न्यायालयाच्या साइटवर सुवास या प्रणालीच्या मदतीने केलेले मराठी अनुवाद आता मिळतात, पण त्यांच्यासोबत सूचना असते की अधिकृत पाठ इंग्रजीच समजावा. द्विभाषिक पुस्तकं तालुक्याच्या कोर्टाबाहेर भरपूर मिळतात. त्यांत मला एक गोष्ट वारंवार दिसली: इंग्रजी स्तंभ नव्या दुरुस्तीपर्यंत आणलेला, मराठी स्तंभ मागच्याच आवृत्तीचा. एकाच पानावर दोन कायदे. ज्याला इंग्रजी येतं त्याला नवा कायदा मिळतो, ज्याला येत नाही त्याला जुना. शासनाच्या त्या पुस्तिका भाषेने कितीही जड असल्या, तरी कव्हरवर तारीख छापण्याचा सरळपणा त्यांच्यात आहे. पुस्तिका दहा वर्षं जुनी असेल, पण ती तसं तोंडावर सांगते.

चॅटबॉटबद्दल थोडक्यात. जून २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या मॅटा विरुद्ध एव्हियांका खटल्यात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल दाखल केले म्हणून वकिलांना पाच हजार डॉलर दंड झाला. त्या खोट्या निकालांना नावं होती, क्रमांक होते. शब्द समजून घ्यायला बॉट वापरा. निकालाचं नाव त्याने दिलं तर ते ई-एससीआरवर सापडेपर्यंत ते नाव अस्तित्वात नाही असं धरा.

मग विकत काय घ्यायचं? परीक्षेचं गाईड घ्यायचं तर घ्या, पेपर संपल्यावर ज्युनियरला द्या. ग्लॅनव्हिल विल्यम्सचं 'लर्निंग द लॉ' वाचा. १९४५चं, इंग्लंडच्या कायद्याबद्दलचं, तरीही निकाल कसा वाचायचा, त्यातलं बंधनकारक काय आणि न्यायाधीश ओघात बोलले ते काय, हे इतक्या सोप्या भाषेत सांगणारं पुस्तक मला दुसरं मिळालेलं नाही. बेअर अ‍ॅक्ट दरवर्षी नवे. ते स्वस्त असतात ते त्यासाठीच. मोठा ग्रंथ एका विषयाला एकच, प्रस्तावनेत तारीख सांगणारा. सेकंडहँडच्या मोहात मात्र विषय बघून पडा. करार कायदा १८७२चा आहे आणि त्याचा पाया फारसा हललेला नाही, तिथे पाच वर्षं जुनी प्रत चालेल. माहिती तंत्रज्ञान किंवा वारसा, तिथे नाही.

आणि घरात रतनलालची जुनी दंड संहिता पडली असेल तर ती रद्दीत घालू नका. २०२४मध्ये बऱ्याच जणांनी घातली. नव्या संहितेचं शेवटचं कलम, ३५८, 'निरसन व व्यावृत्ती' या नावाचं, सांगतं की १ जुलै २०२४पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू राहील. नव्या संहितेत खून १०३ वर गेलाय आणि ३०२ हे धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दलचं कलम आहे. पण जून २०२४मधल्या खुनाचा खटला २०३१मध्ये एखाद्या सत्र न्यायालयात उभा राहिला, तर आरोपपत्रावर ३०२च असेल, आणि त्या दिवशी बचावाच्या वकिलाला ते जुनं पुस्तक शोधत फिरावं लागेल.